चमकणे वेगळे, मोजणे वेगळे

रसायनशास्त्राच्या एखाद्या संशोधन-नियतकालिकाचा ताजा अंक उघडावा, तर त्यात कोणता ना कोणता आयन ‘ओळखणारे’ नवे फ्लुरोसंट रंगद्रव्य बहुधा सापडतेच. सोबत एक देखणे छायाचित्र असते. काचेच्या कुप्यांची रांग, त्यांपैकी एकच कुपी निळी किंवा हिरवी चमकणारी, बाकीच्या अंधारात. निबंधाच्या शेवटी एक आशावादी वाक्यही असते, की या रंगद्रव्याचा उपयोग पुढे रक्त, लघवी, घाम अशा शरीरद्रवांच्या तपासणीसाठी होऊ शकेल. वृत्तपत्रे नेमके तेच वाक्य उचलतात आणि वर्गात विद्यार्थी विचारतो, “सर, आता रक्त तपासायला फक्त रंग टाकायचा का?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर त्या छायाचित्राकडे थोडे संशयाने पाहावे लागते. साहित्यकृतीची समीक्षा होते तशी शोधनिबंधाचीही व्हायला हवी. लेखक काय म्हणतो, ते सिद्ध किती झाले आणि त्याने काय सोडून दिले, हे तपासायला हवे. या लेखात तीन निबंध घेतले आहेत. ते १९८५, १९८९ आणि २००३ सालचे आहेत. तिन्ही आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत, आणि चमकणे व मोजणे यांतला फरक त्यांतून चांगला उलगडतो.

आकडा कशासाठी हवा?

समजा, मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीत भातलावणीच्या दिवसांत एका वृद्ध गृहस्थांना जुलाब लागले. बहुतेक रुग्णांना अशा वेळी मीठ-साखर-पाण्याचे मिश्रण पुरते. कोणताही आयन मोजावा लागत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे या मिश्रणात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि २० मिलिमोल पोटॅशियम असते.

पण या गृहस्थांची मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर? रक्तद्रवात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असते. ते ६.५ च्या वर गेले, तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून जीव जाऊ शकतो. २.५ च्या खाली गेले तरी धोका असतोच. जुलाबाने ते घटते आणि मूत्रपिंडे थकली की वाढते. दोन्ही रुग्ण गळून गेलेलेच दिसतात. एकाला पोटॅशियम द्यायचे असते, दुसऱ्याला ते देणे घातक ठरते. इथे ‘पोटॅशियम आहे’ हे कळून काहीच उपयोग नाही, कारण ते प्रत्येकाच्या रक्तात असतेच. हवा असतो तो आकडा, आणि तोही अर्ध्या मिलिमोलच्या आत बरोबर.

नमुना शहरात पाठवून आकडा मिळवता येतो, पण वाटेत एक खोडा आहे. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट जास्त असते. गाडीच्या धक्क्यांनी किंवा रक्त काढताना झालेल्या हलगर्जीने पेशी फुटल्या, की आतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. बर्फात ठेवूनही भागत नाही. पोटॅशियमला आत ओढणारा पेशीचा पंप थंडीत मंदावतो आणि ते झिरपत राहते. म्हणून रुग्णाच्या खाटेशेजारीच, काढल्या काढल्या रक्त तपासता आले तर मोठे काम होईल. ही गरज खरी आहे. रंगद्रव्ये ती भागवतात का, एवढेच तपासायचे आहे.

रंगद्रव्य बोलते कसे?

काही रेणू एका रंगाचा प्रकाश शोषतात आणि लगेच कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. हा फ्लुरोसन्स. हे नाव १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दिले. त्यांच्या निरीक्षणांत क्विनाइनचे द्रावण प्रमुख होते. आपल्या घरात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरायची टिनोपालसारखी द्रव्ये हेच काम करतात.

आयन ओळखण्यासाठी अशा रंगद्रव्याला एक पकड जोडावी लागते. पकड म्हणजे आयनाला सामावून घेणारा रेणूचा भाग. पकडीत बहुधा नायट्रोजनचा अणू असतो आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. रंगद्रव्यावर प्रकाश पडला, की या जोडीतला एक इलेक्ट्रॉन रंगद्रव्याकडे उडी मारतो. त्यामुळे शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेत जाते आणि रेणू विझलेला राहतो. पकडीत धनभारित आयन येऊन बसला, की तो ही जोडी आपल्याकडे धरून ठेवतो. उडी थांबते आणि रेणू चमकू लागतो. श्रीलंकेत जन्मलेले आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले ए. प्रसन्ना डिसिल्वा यांनी १९८६ पासून या युक्तीला शिस्तशीर रूप दिले. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्राउन ईथर या कड्यासारख्या रेणूंची पकड त्यांनी त्यासाठी वापरली.

तत्त्व सुंदर आहे यात शंका नाही. पण तत्त्व सुंदर असणे आणि आकडा बरोबर येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला निबंध : फ्युरा-२ (१९८५)

ग्रिंकीविच, पोनी आणि रॉजर त्सिएन यांनी बर्कलीहून प्रसिद्ध केलेला हा निबंध कॅल्शियमविषयी आहे. त्सिएन यांना पुढे २००८ मध्ये हिरव्या फ्लुरोसंट प्रथिनावरील कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण मोजमापाची त्यांची शिस्त या आधीच्या कामातच दिसते.

पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम सुमारे ०.०००१ मिलिमोल प्रति लिटर असते. बाहेर, रक्तद्रवात, ते १.२ मिलिमोलच्या आसपास असते, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. त्सिएन यांना आतले मोजायचे होते, म्हणून त्यांनी पकड त्या पल्ल्यासाठी घडवली. मॅग्नेशियम पेशीत कॅल्शियमच्या हजारो पट असूनही ही पकड त्याला फारसे जवळ करत नाही.

या निबंधाची खरी थोरवी दुसऱ्याच गोष्टीत आहे. नुसती चमक मोजली, तर ती कॅल्शियममुळे वाढली, रंगद्रव्य जास्त पडले म्हणून वाढली, की दिवा प्रखर झाला म्हणून, हे कळत नाही. फ्युरा-२ वर ३४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला, तर कॅल्शियमबरोबर चमक वाढते. ३८० चा टाकला, तर घटते. दोन्हींचे गुणोत्तर काढले, की रंगद्रव्याचे प्रमाण, पेशीची जाडी आणि दिव्याची प्रखरता हे सारे अंश आणि छेदातून छाटले जाते. उरतो तो कॅल्शियमचा आकडा. आठवीच्या मुलांनाही समजेल असे हे गणित आहे, आणि चमकण्याकडून मोजण्याकडे जाणारे पाऊल ते हेच.

उणीव काय? पकड कॅल्शियम धरून ठेवते, म्हणजे जे मोजायचे तेच ती थोडे खाऊन टाकते. आधीच्या क्विन-२ या रंगद्रव्यात हा दोष मोठा होता. फ्युरा-२ सुमारे तीस पटींपर्यंत अधिक तेजस्वी असल्याने कमी मात्रेत भागले आणि दोष घटला, पण संपला नाही. आणि रक्तासाठी हे रंगद्रव्य निरुपयोगीच. सोनाराच्या काट्यावर भाताचे पोते ठेवावे तशी गत होईल. काटा एका टोकाला जाऊन अडकेल. हा निबंधाचा दोष नव्हे, कारण लेखकांनी रक्ताचा दावा केलेलाच नाही. आपला पल्ला कोणता हे स्पष्ट सांगणे हा उलट त्याचा गुण आहे.

दुसरा निबंध : सोडियम आणि पोटॅशियम (१९८९)

मिंटा आणि त्सिएन यांच्या या निबंधात सोडियमसाठी एसबीएफआय आणि पोटॅशियमसाठी पीबीएफआय अशी दोन रंगद्रव्ये आली. पहिल्यात लहान क्राउन ईथर, दुसऱ्यात थोडे मोठे. सोडियम आयनापेक्षा पोटॅशियम आयन मोठा, म्हणून कडेही मोठे. कारण कागदावर पटण्यासारखे आहे. पण क्राउन ईथरचे कडे सपाट आणि लवचीक असते. मोठ्या कड्यातही लहान सोडियम जाऊन बसतोच, जरा सैल एवढेच. पोटॅशियमची निवड सोडियमपेक्षा फक्त दीडपट भरते.

आता शिक्षकांनी फळ्यावर हे गणित मांडून पाहावे. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे असते, तिथे दीडपट निवड चालून जाते. रक्तद्रवात मात्र सोडियम १४० आणि पोटॅशियम ४. ढोबळ हिशेबाने सोडियमचा प्रभाव १४० भागिले १.५, म्हणजे सुमारे ९३, पोटॅशियमचा ४, एकूण ९७. पोटॅशियम ४ वरून ६ वर गेले, म्हणजे रुग्ण धोक्याकडे निघाला, तर एकूण होते ९९. त्याच वेळी सोडियम १४० वरून १३५ वर आले, तर त्याचा वाटा तीनाहून अधिक घटतो. म्हणजे रुग्णाची स्थिती बिघडत असताना चमक कमी झालेली दिसेल! रंगद्रव्य चमकते, पोटॅशियमला प्रतिसादही देते, आणि तरीही रक्तात ते दिशाभूल करते.

मग निवड किती हवी? सोडियममध्ये १० मिलिमोलचा चढउतार झाला, तरी पोटॅशियमचा आकडा ०.१ हून जास्त चुकू नये, अशी अट घालू. १० भागिले ०.१ म्हणजे शंभर. दीडपट आणि शंभरपट यांतले अंतर भरून काढणे, हेच या क्षेत्रातले खरे काम होते. मूळ लेखकांनी रंगद्रव्ये पेशीद्रवासाठी म्हणूनच मांडली होती. ती मर्यादा विसरून ‘पोटॅशियमचे रंगद्रव्य’ असा सरसकट उल्लेख करणाऱ्या नंतरच्या लेखनाकडेच टीकेचा रोख वळवायला हवा.

तिसरा निबंध : पिंजऱ्यातला पोटॅशियम (२००३)

हुआरुई ही, मॉर्टेलारो, लाइनर, फ्रात्झ आणि तुसा यांचा हा निबंध अवघा दोन पानी आहे, आणि तो रोश डायग्नॉस्टिक्स या कंपनीतून आलेला आहे. त्यांनी कड्याऐवजी तिन्ही बाजूंनी वेढणारा पिंजरा घेतला. असे पिंजरे ज्याँ-मारी लेन यांनी १९६९ मध्ये प्रथम बनवले होते. १९८७ चे नोबेल पारितोषिक लेन, पेडरसन आणि डोनल्ड क्रॅम यांना विभागून मिळाले. पिंजऱ्याच्या भिंती कड्यासारख्या सहज दुमडत नाहीत. पोटॅशियम त्यात चपखल बसतो. लहानखुऱ्या सोडियमला मात्र भोवतीचे पाण्याचे रेणू सोडून आत येण्यात फायदा उरत नाही. त्यामुळे रक्तातील सोडियम, कॅल्शियम आणि सामू यांच्या नेहमीच्या चढउतारांचा अडथळा न येता पोटॅशियमचा प्रतिसाद मिळाला, आणि तोही पाण्यात.

‘पाण्यात’ या शब्दाला महत्त्व आहे. पुष्कळ रंगद्रव्यांची निवडक्षमता अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल अशा द्रावकांत दाखवलेली असते. तिथे आयनाला पाण्याचे कवच सोडावे लागत नाही, म्हणून पकड घट्ट दिसते. पण शरीरात वाहते ते पाणी.

या गटाने आणखी एक गोष्ट केली. रंगद्रव्य रक्तात ओतायचे नाहीच. ते पाणी शोषणाऱ्या जेलच्या चकतीत रासायनिक बंधाने बांधून टाकायचे. हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळते आणि रक्तद्रव स्वतःही थोडा चमकतो. यावर उपाय म्हणजे चकती आणि रक्त यांच्यामध्ये आयन झिरपू देणारा, पण प्रकाश अडवणारा थर. आता चमक मोजणारे यंत्र रक्त पाहतच नाही, फक्त चकती पाहते. चकतीत रंगद्रव्याचे प्रमाण ठरलेले असल्याने गुणोत्तराची युक्ती नसली तरी प्रमाणित द्रावणाशी तुलना करून आकडा मिळतो. ऑप्टी नावाच्या छोट्या रक्त-विश्लेषकात अशा चकत्या एकदा वापरून टाकायच्या पेटीत बसवल्या गेल्या.

या निबंधावर माझा आक्षेप एकच आहे. रेणूचे कौतुक दोन पानांत मावते; पण चकती, थर, प्रमाणीकरण, साठवण या ज्या गोष्टींनी रेणूचे उपकरण झाले, त्यांना विद्वत्तेच्या जगात रेणूइतका मान मिळत नाही. म्हणून मागून येणारे नवे रेणू बनवतात, नव्या चकत्या बनवणारे थोडे.

मग जुनी पद्धत काय वाईट?

हा प्रश्न प्रत्येक नव्या पद्धतीला विचारलाच पाहिजे. लहान प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे फ्लेम फोटोमीटरवर काम झाले. ज्योतीत सोडियम पिवळा प्रकाश देतो, पोटॅशियम जांभळट; त्याची प्रखरता मोजायची. पुढे आयन-निवडक इलेक्ट्रोड आले. त्यांतल्या पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडमध्ये व्हॅलिनोमायसिन हे जिवाणूंनी बनवलेले प्रतिजैविक असते. सोडियमपेक्षा पोटॅशियमला ते हजारो पटींनी अधिक पसंत करते. रसायनज्ञांनी खटपट करून गाठलेली शंभराची पायरी निसर्गाने केव्हाच ओलांडली होती! आजही रक्तातले सोडियम-पोटॅशियम प्रामुख्याने इलेक्ट्रोडनेच मोजतात, आणि हातात मावणारी इलेक्ट्रोडची यंत्रेही आहेत.

तेव्हा हिशेब असा मांडावा. जिवंत पेशीच्या आत, सेकंदासेकंदाला, इलेक्ट्रोड जिथे सहज शिरू शकत नाही तिथे, रंगद्रव्यांना तोड नाही. स्नायूच्या आकुंचनापासून गर्भधारणेच्या क्षणी अंड्यातून जाणाऱ्या कॅल्शियमच्या लाटेपर्यंत बरेच काही आपण त्यांच्यामुळे डोळ्यांनी पाहिले. रक्ताच्या नमुन्यात मात्र त्यांची गाठ एका जुन्या आणि दमदार प्रतिस्पर्ध्याशी आहे. तिथे ‘आमचे रंगद्रव्य चमकते’ एवढे सांगून भागत नाही. इलेक्ट्रोडपेक्षा स्वस्त, सोपे किंवा टिकाऊ काय आहे, ते दाखवावे लागते.

पक्का रंग

मुळशी तालुक्याची हद्द संपते तिथून जवळच, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन १९५७ ते १९६६ या काळात तिथे होते. त्याआधी ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख होते. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेचे पहिले खंड १९५२ मध्ये निघाले आणि जगभर प्रमाण मानले गेले. मुंबई-पुण्याला रंगांच्या विज्ञानाची ही अशी परंपरा आहे.

कापडाच्या रंगाला त्या परंपरेत एक साधी कसोटी होती, रंग पक्का आहे का? धुतल्यावर, घासल्यावर, उन्हात टाकल्यावर टिकतो का? नुसता सुंदर रंग कोणी विकत घेत नसे. मोजमापाच्या रंगद्रव्यांना हीच कसोटी लावावी. प्रकाशात ते किती वेळ टिकते? उन्हाळ्यात कपाटात ठेवले तर बिघडते का? शंभरावा नमुना पहिल्यासारखाच आकडा देतो का? शोधनिबंधांची संख्या मोजून संशोधकाची बढती ठरत असेल, तर या प्रश्नांवर वेळ घालवणे कोणाला परवडणार? कुप्यांचे छायाचित्र दोन दिवसांत निघते; टिकाऊपणाच्या चाचणीला वर्ष लागते. हा दोष कोणा एका संशोधकाचा नाही, आपल्या मोजपट्टीचा आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाला तो विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे, आणि विचारायला शिकवण्याची जागा म्हणजे शाळा.

वर्गात करून पाहा

टॉनिक वॉटरच्या बाटलीवर क्विनाइन लिहिले आहे ना, ते पाहून घ्या. बुडबुडे निघून जाऊ द्या आणि पाच पारदर्शक पेल्यांत सारखे पाणी ओता. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली ते निळे चमकेल. (दिव्याकडे थेट पाहू नये.) पहिला पेला तसाच ठेवा. दुसऱ्यात चिमूटभर साखर, तिसऱ्यात तेवढेच मीठ, चौथ्यात प्रयोगशाळेतले सोडियम सल्फेट आणि पाचव्यात खायचा सोडा टाकून ढवळा.

साखरेने फरक पडणार नाही. मिठाने चमक चटकन मंदावेल. मुले म्हणतील, सोडियम ओळखले! पण सोडियम सल्फेटच्या पेल्यात सोडियम असूनही चमक टिकलेली दिसेल. म्हणजे काम क्लोराइडचे होते. आणि खायच्या सोड्यात क्लोराइड नसूनही चमक उतरेल, कारण त्याने आम्लता घालवली आणि क्विनाइनचे रूपच बदलले. क्विनाइनच्याच कुळातले एसपीक्यू हे रंगद्रव्य १९८७ मध्ये पेशींतील क्लोराइड मोजायला वापरले गेले. ब्रोमाइड आणि आयोडाइडनेही ते विझते. पेशीत हे दोन्ही अत्यल्प असतात, म्हणूनच ते तिथे चालते.

प्रयोग संपल्यावर मुलांना ‘काय चमकले?’ असे विचारू नये. त्याऐवजी चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. हे पाण्यात झाले का? शेजारी दुसरे आयन असतानाही झाले का? आपल्याला हव्या त्या पल्ल्यात झाले का? दुसऱ्या पद्धतीने आलेल्या आकड्याशी जुळले का? पुढच्या वेळी वृत्तपत्रात कुप्यांचे छायाचित्र येईल, तेव्हा ते कात्रण भिंतीवर लावावे आणि त्याखाली चारही उत्तरे मुलांकडून लिहून घ्यावीत. एखादी जागा कोरी राहिली तर ती कोरीच राहू द्यावी.